सरकारी पहाऱ्यातली अंबाडी

आमच्या कॅम्पात कुत्रा आला तो स्वतःची खोली घेऊनच आला. आधी ट्रकवर एक पांढरी कोरी केबिन आली, तिला नवा एसी, आणि मागच्या गाडीतून कुत्रा उतरला. तपकिरी, लांब कानांचा, तोंडावर एखाद्या मामलेदाराचा कंटाळा. आमच्याकडे एका एसीखाली सहा माणसं झोपत होती. मेसचा केरळी आचारी बराच वेळ ती केबिन बघत उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, अगला जनम में मैं कुत्ता बनेगा. लेकिन गव्हर्मेंटवाला."

मी तेव्हा कतारमध्ये अल खोरच्या अलीकडे एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पाचा कॅम्प बॉस होतो. बॉस म्हटलं की आमच्या गुहागरकडचे लोक मान देतात, आणि मी तो घेतो. पण काम काय, तर मजुरांच्या वस्तीचा कारभारी. कुणाला कुठली खाट द्यायची, टाकीचं पाणी कधी सोडायचं, मेसमध्ये डाळ पातळ झाली तर आचाऱ्याला झापायचं, आणि घोरणाऱ्याला घोरणाऱ्यांच्या खोलीत हलवायचं. ही शेवटची माझी स्वतःची युक्ती. सगळे घोरणारे एका खोलीत घातले की कुणाचीच तक्रार येत नाही. इंजिनियर लोकांनी पूल बांधले असतील, पण ही खोली मी बांधली.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. ते सांगायला मला लाज वाटत नाही आणि कुणी विचारायचीही गरज नाही.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला तशी तिकडे सगळीकडे झाडझूड सुरू झाली. रस्ते, दिवे, झाडं, सगळं नवं. जगभरची माणसं येणार, तेव्हा नशापाण्याचा बंदोबस्त पाहिजे, असं ठरलं. गांजाला तिकडे क्षमा नाही. सापडला की तुरुंग, आणि तुरुंगातून थेट विमान. तर मजुरांच्या कॅम्पात गांजावर नजर ठेवायला बलदियाकडून, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेकडून, अनुदान आलं. आमच्या कॅम्पाला त्यातून काय मिळालं? एक कुत्रा, त्याला फिरवणारा केनियाचा एक माणूस, कुंपणावर दिवे आणि चार पहारेकरी.

हे मला समजावून सांगितलं कुलकर्णी साहेबांनी. ते पुण्याचे, वयाने माझ्या मुलाएवढे, कंपनीच्या ऑफिसात बसत आणि मला काका म्हणत. बाकी सगळा कॅम्प मला अण्णा म्हणायचा.

"काका, ही ग्रँट वर्षाची असते," ते म्हणाले. "वर्षअखेरीला रिझल्ट दाखवायचा. रिझल्ट नाही, तर पुढच्या वर्षी फंड दुसऱ्या कॅम्पला जातो."

"रिझल्ट म्हणजे?"

"म्हणजे काहीतरी सापडलं पाहिजे."

"आणि आपल्या कॅम्पात काही नसेलच तर?"

कुलकर्णी साहेबांनी चष्मा पुसला. "मग आपल्याला ग्रँटची गरज नाही, असा अर्थ होतो, काका."

मी त्यांना म्हटलं, "म्हणजे चोर नसला की पोलिसाचा पगार बंद?" ते हसले आणि परत चष्मा पुसायला लागले.

चार पहारेकरी निवडायचे होते. कंपनीला वाटलं बाहेरून आणावेत. मी म्हटलं, जमणार नाही, माझ्या कॅम्पात माझी माणसं पहारा देतील. मी एकदा नाही म्हटलं की कंपनी जरा वेळाने हो म्हणायची, असा माझा अनुभव. त्या चारांत मी पहिला घातला तो नामदेव.

नामदेव लातूरकडचा. पन्नाशी ओलांडलेला, काटक, पायाड म्हणजे बांधकामाची परांची बांधणारा. आमच्या जवळच जे स्टेडियम उभं राहिलं, त्याच्या छताखालचं पायाड ज्या लोकांनी बांधलं त्यांच्यातला तो. इतक्या उंचीवर की खालची माणसं तांदळाएवढी दिसायची, असं तो सांगायचा. मग त्याचा गुडघा गेला. तोवर स्टेडियमही पूर्ण झालं होतं, आणि काम संपलेल्या लोकांना कंपनी तुकडी-तुकडीने घरी पाठवत होती. नामदेवचं नाव पुढच्या तुकडीत लागणार होतं.

त्याची एकच हौस होती. मला म्हणाला, "अण्णा, रिकामं लई बघितलं म्या ते स्टेडियम. एकदा मानसानं भरलेलं बगायचंय. मग धाडा गावाकडं, मी रडनार न्हाई."

म्हणून त्याला पहारेकरी केला. पहारा असेल तोवर नामदेव राहील, आणि अनुदान असेल तोवर पहारा राहील. इतकं साधं ते गणित होतं.

आता पहिल्या वर्षात काय सापडलं ते सांगतो. काही नाही. कुत्रा रोज सकाळी खोल्या-खोल्यांतून फिरायचा. संशय आला की त्याने खाली बसायचं, अशी त्याची शिकवण. आमच्याकडे तो दोनदा बसला. एकदा तो दमला होता म्हणून. दुसऱ्यांदा एका गुजराती सुताराच्या पेटीपाशी बसला. उघडली तर डब्यात हिरवट चूर्ण. झाली पळापळ. सुतार परोपरीने सांगत होता, "पेट का है, पेट का है." आमच्यातला दुसरा पहारेकरी गुलजार खान, पेशावरकडचा, दाढी मेंदीने रंगवलेला म्हातारा, म्हणाला, "हट जाओ, मैं देखता हूँ." आणि त्याने चांगलं मूठभर तोंडात टाकलं. जरा चघळून म्हणाला, "नशा नहीं है."

नशा नव्हतीच. ते पोट साफ करायचं चूर्ण होतं आणि चमच्याच्या टोकावर घ्यायचं होतं. दोन दिवस गुलजार खानाचा पहारा संडासाच्या बाजूलाच लावावा लागला.

एवढाच आमचा रिझल्ट. वर्षअखेर जवळ आली तसा कुलकर्णी साहेबांचा चष्मा पुसणं वाढलं. कुणीतरी मेसमध्ये असंही बोललं की, एखादी पुडी आणून कुठेतरी ठेवावी, कुत्र्याला सापडू द्यावी, सगळ्यांचंच भागेल. मी ताट ठेवून उठलो आणि म्हटलं, ज्याला असली अक्कल सुचेल त्याची खाट आजपासून घोरणाऱ्यांच्या खोलीत. परत तो विषय निघाला नाही.

नामदेव त्या दिवसांत कमी बोलायचा. पहारा झाला की कॅम्पाच्या मागच्या अंगाला जाऊन बसायचा. तिकडे एसींचं पाणी ठिबकतं. आखाती मुलखात पाणी विकतचं, पण एसीचं थेंबथेंब फुकट, आणि गावाकडचा माणूस ते वाया जाऊ देत नाही. प्रत्येक कॅम्पामागे रंगाच्या रिकाम्या डब्यांतून कोथिंबीर, पुदिना, मिरची लावलेली असते. मी डोळेझाक करायचो. नामदेवनेही काही लावलंय एवढं मला माहीत होतं. काय लावलंय ते विचारलं नव्हतं. अधूनमधून तो वाटीत भाजी आणायचा, आंबट, वर लसणाची फोडणी. मी भाताबरोबर खायचो.

मग बलदियाचे साहेब शेवटच्या पाहणीला आले. उस्मान साहेब. मूळचे सुदानचे, उंच, सावळे, मोजकं बोलणारे, भला माणूस. आमचं बोलणं व्हायचं मोडक्या हिंदीत, निम्मं हातवाऱ्यांनी. इथे मराठीत लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याची दमछाक होईल.

साहेबांनी खोल्या बघितल्या, मेस बघितली, कुत्र्याची केबिन बघितली आणि तिथल्या गारव्यात जरा थांबले. मग म्हणाले, "मागची बाजू दाखवा."

मागे गेलो. कोथिंबीर झाली, मिरची झाली. आणि अगदी टोकाला, कुत्र्याच्या केबिनच्या आडोशाला, पायाडावर लावतात तसली हिरवी जाळी ताणून बांधलेली. साहेबांनी जाळी वर केली.

खाली डब्यांची रांग, आणि डब्यांत कमरेएवढी हिरवीगार रोपं. पान कसं, तर हाताच्या बोटांसारखं फाटलेलं, कडेला करवतीचे दाते. वर्षभर पहारेकऱ्यांच्या चौकीत भिंतीवर गांजाच्या पानाचं चित्र लावलेलं होतं, ओळखायला सोपं जावं म्हणून. ते चित्रच जणू डब्यात उगवलं होतं.

कुलकर्णी साहेब पांढरे पडले. उस्मान साहेबांनी शांतपणे विचारलं, "हे कुणाचं?"

"माजं," नामदेव पुढे होऊन म्हणाला. त्याला अजून काही कळलंच नव्हतं; त्याच्या लेखी चौकीतलं चित्र गांजाचं आणि हे पान भाजीचं. उलट कौतुक होतंय असं वाटून तो खुशीत होता. "अंबाडी हाय साहेब. बी गावाकडनं आनलं. ऊन लई लागतं म्हून जाळी बांदली."

साहेबांनी भिंतीवरचं चित्र मागवलं आणि रोपाशेजारी धरलं. तेव्हा नामदेवचं हसू गेलं.

"अण्णा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगा की साहेबाला. तुम्ही तर खाल्लीय."

आता खरं सांगायचं, तर मी ती शिजलेली खाल्ली होती. उभी कधी बघितली नव्हती. आमच्या बाजूला ती कुणी लावत नाही. मी नामदेवकडे बघितलं, रोपाकडे बघितलं, आणि क्षणभर माझ्याच मनात आलं, मेल्याने मला इतके दिवस काय खायला घातलं? पण नामदेवला मी ओळखत होतो आणि रोपाला ओळखत नव्हतो. मी ओळखीच्याची बाजू घेतली.

"भाजी आहे," मी म्हटलं. "मी खाल्लीय. मला नशा झाली असती तर कॅम्पाला कळलं असतं."

कुत्र्याला आणलं. कुत्रा डब्यांमधून फिरला, बसला नाही, आणि शेवटच्या डब्यावर पाय वर करून निघून गेला. मी म्हटलं, "झालं! तुमच्याच कुत्र्याने निकाल दिला." कुत्र्याचा केनियावाला म्हणाला, याला सुका माल शिकवलाय, उभ्या झाडाचं त्याला काय कळतं, सांगता येत नाही. वर्षभर एसी खाऊन ऐन वेळी साक्ष द्यायला कामाचा नाही.

उस्मान साहेब म्हणाले, "पानं लॅबमध्ये जातील. उत्तर येईपर्यंत हा माणूस कॅम्पाबाहेर जाणार नाही. गांजा निघाला तर माझ्या हातात काही नाही."

कुलकर्णी साहेबांनी मला बाजूला ओढलं. "काका, साहेब गेले की ही रोपं उपटून फेकून द्या. प्लीज. कंपनीचं नाव पेपरात येईल."

"आणि मग नामदेव काय दाखवणार? माती?"

"काका, जरा प्रॅक्टिकल व्हा."

"मी कॅम्प बॉस आहे. हात लावून बघा कुणी डब्याला."

मी खरंच डब्यांपुढे जाऊन उभा राहिलो. माझं वय तेव्हा असं होतं की मला ढकलायला कुणाला धीर झाला नसता, पडलो असतो तर पंचाईत. नामदेव खाली बसला होता, गुडघा लांब करून. तो म्हणाला, "साहेब, फूल येऊ द्या. फूल आलं की कळंल. पिवळं येतंय, मधी लाल. गांजाला असलं फूल येत असंल, तर मला फाशी द्या."

उस्मान साहेबांनी जाळी खाली सोडली. मग म्हणाले, "ठीक. कुणी उपटायचं नाही, कुणी पान तोडायचं नाही. दिवसरात्र पहारा लावा. पहारेकरी आहेतच तुमच्याकडे."

असा सरकारी पैशाने अंबाडीवर पहारा बसला.

नामदेवला त्या बाजूला जायची बंदी. तो कोपऱ्यावर उभा राहून लांबूनच विचारायचा, "खानसाहेब, पानी दिलं का?" गुलजार खान डब्यांपाशी खुर्ची टाकून बसलेला असायचा. त्याने पहिल्याच दिवशी पान हातात न घेता नुसतं वाकून हुंगलं आणि मला हळूच म्हणाला, "अण्णा, ये वो चीज़ नहीं है. उसकी बू अलग होती है."

"तुला काय माहीत त्याची बू?"

खान दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "पानी डालने का टाइम हो गया."

तोडणी बंद झाल्यामुळे अंबाडी सुटलीच. माणसाच्या छातीला लागली. वाटेने येणारे-जाणारे थांबून बघायचे. कॅम्पातले मराठवाड्याचे चार-पाच लोक तर खिन्न व्हायचे. "एवढी भाजी, अन् हात लावायचा न्हाई!" म्हणून उसासे टाकायचे. जेवताना हसणं-खिदळणं चाले, नामदेवला चिडवणं चाले. "काय शेठ, माल कधी उतरवणार?" नामदेवही हसायचा. पण ताट अर्धं ठेवून उठायचा. एकदा त्याने मला विचारलं, "अण्णा, अवंदा फूल लांबलं तर? इथं थंडी येगळी, ऊन येगळं. नाहीच आलं तर?"

"येईल."

"तुमी कोकणातले, तुमाला काय ठावं?"

"मी म्हणतोय ना, येईल!" मी ओरडलोच. मला काही ठाऊक नव्हतं. पण असल्या वेळी मोठ्या आवाजात बोललेलं बरं असतं.

एका सकाळी गुलजार खान बोंबलत आला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "खिल गया! खिल गया!" सगळा कॅम्प मागे धावला. वरच्या अंगाला एकच फूल, फिकट पिवळं, तळहाताएवढं, आणि मधे गडद लाल डोळा. नामदेव बंदी विसरून आला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

उस्मान साहेबांना फोन केला. ते आले, फुलावर वाकले आणि मोठ्याने हसले. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदाच बघितलं. "अरे, हा तर करकदेचा भाऊ!" ते म्हणाले. करकदे म्हणजे त्यांच्याकडचं लाल सरबत. त्याचं झाडही याच घराण्यातलं, फूलही याच वळणाचं. त्यांची आई अंगणात लावायची. त्यांनी एक पान तोडून चावलं, आंबट तोंड केलं आणि नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला. "खलास, बाबा. जा, भाजी कर."

नामदेव हमसून हमसून रडला. मग त्याने सगळ्या कॅम्पाला पुरेल एवढी अंबाडी शिजवायला घेतली. आम्ही कढईभोवती उभे आणि कुलकर्णी साहेब आले, चष्मा पुसत.

"काका, छान झालं. पण..."

"पण काय?"

"आता केस नाही. म्हणजे रिझल्ट नाही. म्हणजे ग्रँट लॅप्स. एक तारखेपासून पहारेकरी बंद."

कढईतला कालथा थांबला. नामदेवने ते ऐकलं होतं. म्हणजे गांजा निघाला असता तर नामदेव तुरुंगात, आणि भाजी निघाली म्हणून नामदेव विमानात. दोन्हीकडून स्टेडियम रिकामंच.

मी तसाच गेटकडे निघालो. उस्मान साहेब गाडीत बसत होते. मी गाडीच्या दारात उभा राहिलो.

"साहेब, लॅबचं उत्तर आलं?"

"नाही अजून. लॅबला फार काम आहे. पण फूल तर..."

"फूल तुम्ही बघितलंत. लॅबने कुठे बघितलं? उत्तर येत नाही तोवर केस चालू की बंद?"

साहेबांनी गाडी बंद केली. म्हणाले, "अण्णा, मी खोटं लिहिणार नाही."

"मी कुठे म्हणतो? खरं तेच लिहा. संशय आला, रोपं सापडली, पहाऱ्याने एक पानही हलू दिलं नाही, लॅबच्या उत्तराची वाट बघतोय. यात खोटं काय आहे?"

मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "इन्शाल्ला," म्हणाले आणि गेले. तिकडे इन्शाल्लाचा अर्थ कधी हो, कधी नाही, आणि कधी आता घरी जा असा होतो. मी घरी म्हणजे माझ्या केबिनमध्ये गेलो.

अनुदान पुढच्या वर्षाला मंजूर झालं. वरच्या साहेबांना आमचं काम आवडलं म्हणे. संशयित लागवड शोधून राखणारा कॅम्प दुसरा नव्हता. लॅबचं उत्तर पुढे कधीतरी आलं, त्यात भाजीच होती, पण तोवर वर्षाचे पैसे ठरून गेले होते. शेजारच्या कॅम्पातही चार पहारेकरी होते, त्यांच्यात एक फार चांगला बंगाली माणूस होता. त्यांच्याकडे संशय येण्यासारखं काहीच उगवलं नाही. ते जानेवारीतच घरी गेले. ते आठवलं की मला अजून बरं वाटत नाही.

वर्ल्ड कपात कंपनीने कामगारांना थोडी तिकिटं दिली. नामदेवला एक मिळालं. कुणामुळे, ते मी इथे लिहीत नाही. कंपनी एकदा नाही म्हणाली होती एवढंच सांगतो.

तो परत आला तेव्हा मी गेटपाशीच बसलो होतो. म्हटलं, "काय रे? कोण जिंकलं?"

"काय की."

"म्हणजे? मॅच बघितलीस ना?"

तो माझ्या शेजारी टेकला. गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. "गोल झाला अण्णा, तवा समदे उठले. नुसत्या उड्या. हजारो मानसं. मला उठता येईना, म्हून मी बसून ऱ्हायलो. समोर नुसत्या पाठी. मग मी वर छताकडं बघितलं."

"मग?"

"हललं न्हाई, अण्णा," नामदेव म्हणाला. "एवढी मानसं नाचली, जरा बी हललं न्हाई."